लिंबाच्या अलीकडं

वैजीनाथ मुकादमाला आपल्या सख्ख्या मावशीचा, दगडाबाईचा, वीट आला होता. शहाऐंशीची दिवाळी आटोपून ऊसतोडीला निघालेली त्याची टोळी देवगाव फाट्यावर सकाळपासून बोचकी घेऊन बसली होती आणि ही बाई ट्रकच्या तोंडासमोर उभी. उद्या कारखान्यावर हजर झालं नाही, तर उसाचा चांगला फड दुसऱ्या टोळीला जाणार होता.

तिचा स्वभावच असा. मडकं घेताना दहा वाजवून अकरावं घ्यायची. बाज विणून झाली की विणणाऱ्यालाच आधी तिच्यावर बसवायची. थोरल्या लेकीची सोयरीक आली तेव्हा तर नवरदेवाला विहिरीवर नेऊन वीस घागरी पाणी शेंदायला लावलं. सासुरवाडीला जायचं म्हटलं की जावई अजून कंबर धरतो.

त्या दिवशी ट्रकची पूजा रीतसर झाली होती. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, चाकाखाली ठेवलेलं लिंबू ड्रायव्हर चंद्रभाननं चिरडलंही. आता चढायचं, तर ही म्हणाली, "लिंबू चिरडलं म्हंजी गाडी चालती हे कळलं. थांबती का न्हाई, ते कवा कळायचं?"

"मावशी, हवेचा ब्रेक हाय," चंद्रभान म्हणाला. "टाकीत हवा भरली की हत्ती बी जाग्यावर थांबतो."

"मग थांबीव की. हितं लिंबू ठिवते. उतारावरून ये अन् लिंबाच्या अलीकडं उभा ऱ्हा."

वैजीनाथानं कपाळाला हात लावला. पूजेचं लिंबू असं उलटं वापरायचं, ही कुठली रीत? बाया पदराआड हसायला लागल्या. पण म्हातारी हटेना, तेव्हा त्यानं चंद्रभानला नाइलाजानं खूण केली.

रिकामा ट्रक उतारावरून आला, लिंबाचा चेंदा करून बाभळीपर्यंत गेला आणि मग थांबला. दुसरं लिंबूही तसंच गेलं. तिसऱ्या खेपेला कुणी हसलं नाही.

"रिकामी गाडी घसरतीच," चंद्रभान म्हणाला. "माणसं बसली की वजनानं ब्रेक धरतो."

"मग आधी तुजी बायकापोरं बसीव."

चंद्रभान पाना घेऊन गाडीखाली शिरला. वैजीनाथही चरफडत त्याच्यामागं वाकला. टाकीजवळ हवा फुसफुसत होती. चिरलेल्या पाइपावर एक चिंधी करकचून बांधलेली. तेलानं पार काळी पडली होती, तरी एका काठाला गुलाबी रंग दिसत होता.

चिंधी वैजीनाथानं ओळखली. उन्हाळ्यात परत येताना घाटात पाइप चिरला, तेव्हा त्यानंच आपल्या पटक्याचं टोक फाडून दिलं होतं. 'गावी गेल्यावर नवा टाक,' एवढं सांगून तो विसरला होता. त्यानंतर त्याच गाडीत त्यानं लग्नाची दोन वऱ्हाडं बसवून पाठवली होती, एक तर स्वतःच्या पुतणीचं. मावशीवर चिडायचं म्हटलं तरी आता चिडता येईना.

"काय घावलं रं?" दगडाबाईनं वाकून विचारलं.

"चिंधी हाय, मावशी. माजीच हाय." तो बाहेर आला आणि टोळीकडं न बघताच म्हणाला, "सेलूहून पाइप येस्तोवर कुणी चढायचं न्हाई. फड गेला तर गेला."