बजबजची मुलाखत आणि दसऱ्याची तार

हावड्याला उतरलो तेव्हा माझे मेहुणे माधवराव मला न्यायला आले होते. म्हणजे खरं तर ते मला गाडी दाखवायला आले होते. बँकेने त्यांची कलकत्त्याला बदली केली, आणि मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाने त्यांच्या गळ्यात आपली जुनी विलायती मोटार मारली. हावड्याचा पूल मी पाहावा अशी त्यांची फारशी इच्छा दिसली नाही. पुलावरून जाताना ते मला डॅशबोर्ड समजावून सांगत होते. भवानीपूरला घरी पोचेपर्यंत गाडी दोनदा धापा टाकून बंद पडली. नवीन माणूस बसला की ती जरा लाजते, असं त्यांनी सांगितलं.

ताईच्या डोक्यात मात्र गाडी नव्हती. लग्नाआधी ती शिक्षकीची बी. टी. परीक्षा पास झाली होती. त्यानंतर चार गावच्या बदल्यांत तिची प्रमाणपत्रं ट्रंकेत रजयांखाली फिरत राहिली. आता कलकत्त्याबाहेरच्या बजबजला ज्यूट गिरणीतल्या कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत गणिताची जागा निघाली होती आणि दुसऱ्याच दिवशी अकराला मुलाखत होती.

"ही गेली तर पुन्हा कुठली मिळायची नाही, शरद," ती म्हणाली. "मी आपली लोकलने जाते."

"बँकेतल्या अधिकाऱ्याची बायको मुलाखतीला लोकलने जाणार?" माधवराव म्हणाले. "मी रजा टाकलीय."

रजा टाकलेल्या माणसापुढे कोणाचं काय चालणार?

सकाळी साडेआठला निघालो. अलीपूरच्या झाडांखालून गाडी अशी झकास चालली की माधवरावांनी तीनदा माझ्याकडे वळून पाहिलं. खिदिरपूर आलं, इंजिन चांगलं तापलं आणि गाडी उतारवयातल्या गवयासारखी खोकू लागली. मग थांबली.

कलकत्त्यात गाडी बंद पडणं हे सार्वजनिक कार्य आहे. ट्राममधून एक धोतरवाले गृहस्थ खास उतरले आणि म्हणाले, "कार्बुरेटर, दादा." दुसऱ्याने हुंगून निकाल दिला, "पेट्रोले जल आछे (पेट्रोलमध्ये पाणी आहे)." दोघांचं वाजलं आणि पाचच मिनिटांत वाद फुटबॉलवर गेला. कोणीतरी भाँडमधून (मातीच्या कपातून) चहा आणवला. मी तेलेभाजा (भजी) खाल्ली. इतकी खमंग भजी खायला गाडी रोज बंद पडावी, असंही वाटून गेलं. पण ताईचा चेहरा पाहिला आणि उरलेली भजी कागदात गुंडाळून ठेवली.

माधवरावांनी प्लग पुसले. तेवढ्यात इंजिन निवलं, गाडी सुरू झाली, दोन गल्ल्या गेली आणि पुन्हा बसली. मग कार्बुरेटर उघडला. पुन्हा तेच.

"अहो, दसऱ्याआधी ही अशी दमत नव्हती," ताई म्हणाली.

"तुला गाडीतलं काय कळतं?" माधवराव बॉनेटच्या आतून म्हणाले.

ताईने घड्याळ पाहिलं. पावणेदहा. तिने फाईल उचलली, समोरची रिक्षा थांबवली, "माझेरहाट स्टेशन" म्हणाली आणि गेली. माधवरावांनी डोकं बाहेर काढलं तेव्हा मागच्या सीटवर फक्त तिची छत्री होती.

"ती कुठाय?"

"लोकलने गेली."

त्यांनी बॉनेट हळूच खाली टेकवलं. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मलाच कसंसं झालं.

गोदीच्या भिंतीलगत रहमत मिस्त्रीचं गॅरेज होतं. तिथवर गाडी आम्ही ढकलत नेली. फुटबॉलवाले दोघेही मदतीला आले. रहमतने बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. गाडी सुरू करायला लावून तो मागे गेला आणि सायलेन्सरच्या नळीमागे तळवा धरून उभा राहिला.

"साहब, ये साँस ले रही है, छोड़ नहीं रही. कब से?"

"एकदम अचानक," माधवराव म्हणाले.

"दशहरे के बाद से," मी म्हणालो.

रहमत गोणपाट टाकून गाडीखाली सरकला. इंजिनाला लागून धुराच्या वाटेत एक झडप होती. इंजिन थंड असताना ती मिटलेली असते आणि तापलं की आपोआप उघडते. तिचा बाहेरचा वजनाचा दांडा सैल हलता असावा लागतो. तो दांडा झडप मिटलेली असतानाच तांब्याच्या तारेने सात वेढे देऊन करकचून बांधलेला होता आणि त्यावर हळदकुंकू होतं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि त्याआधी घरातलं सैल ते सगळं घट्ट करायचं, ही माधवरावांच्या वडिलांची शिस्त. शिवणयंत्र, अडकित्ता, विळी सगळं घट्ट झालं होतं. गाडीखाली काहीतरी खडखडत होतं, तेही माधवरावांनी घट्ट केलं.

"किसने बाँधा?" रहमतने विचारलं.

"पूजेत असतं ते," माधवराव मराठीत पुटपुटले.

रहमतने तार कापली आणि दांड्यावर रॉकेल सोडलं. बजबजपर्यंत गाडी वाऱ्यासारखी पळाली. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ताई बाहेरच येत होती.

"सोमवारपासून या म्हणाले," ती म्हणाली.

"बस, गाडी आता झकास झालीय," माधवरावांनी दार उघडलं.

"मी परतीचं तिकीट काढलंय. वाया कशाला घालवू?"

तिने छत्री तेवढी घेतली आणि स्टेशनची वाट धरली. परतताना माधवरावांनी एकदाच तोंड उघडलं. "दसऱ्याआधी दमत नव्हती, असं म्हणाली होती ना ती?" मी हो म्हणालो.

पुण्यात परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, कलकत्त्यात काय पाहिलंस? काय सांगणार? शहरालगतच्या खाऱ्या तळ्यात वाळू भरून नवं शहर वसवताहेत म्हणे, ते पाहायचं राहिलंच. पुढच्या खंडेनवमीला मी पाना घेऊन शिवणयंत्रापाशी बसलो, तर बायको म्हणाली, "तो स्क्रू तसाच राहू द्या, तो सैलच लागतो."

तुला यंत्रातलं काय कळतं, हे वाक्य जिभेवर आलं होतं. मी पाना खाली ठेवला.