माधवदादाच्या गाड्या

माधवदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला शाळेत शिकवत होतो. माझा थोरला चुलतभाऊ, दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. मी मुखेडला पोचेपर्यंत चौकात फलक लागला होता, 'सचोटीचा व्यापारी हरपला'. तो वाचून मला रडू आलं नाही. महिना होत आला, अजूनही आलेलं नाही.

आमचं घर लोह्याकडचं, लाल कंधारी जनावरांचं. काकांच्या गोठ्यातला वळू बघायला लांबून माणसं यायची. काका आधी जनावराची खोड सांगत, मग दावं हातात देत. दादा त्याच गोठ्यात वाढला. त्याचा हात पाठीवर फिरला की बैल डोळे मिटून उभा राहायचा, हे मी पाहिलंय. काका गेल्यावर त्यानं सगळी जनावरं विकली आणि मुखेडला जुन्या गाड्यांचं दुकान टाकलं. बोलणं गोड, धंदा जोरात चालला. लोक शेठ म्हणू लागले.

व्यंकट आमच्या गुराख्याचा मुलगा. दादाच्या अंगाखांद्यावर खेळलेला. त्याला प्रवासी जीप चालवायची होती. दादानं त्याला दिली ती अपघातात दुभंगलेली, खालून वेल्डिंग मारून वरून चकचकीत रंगवलेली. दादाला ते ठाऊक होतं, व्यंकटला नव्हतं. कंधारच्या रस्त्यावर ती मधोमध तुटली. गाडीत प्रवासी नव्हते म्हणून निभावलं... व्यंकटचा पाय मात्र गेला.

मी दादाला गाठलं. तो चहात बिस्कीट बुडवत होता.

"जुन्या गाडीची हमी कोन देतंय?" तो म्हणाला. "त्याला चालवायलाच येत न्हाई."

"काकांनी असा बैल विकला असता का?"

"म्हणून तर शेणातच मेले ते," असं म्हणून त्यानं शांतपणे बिस्कीट खाल्लं. त्यानंतर मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

तेराव्याला पुढाऱ्यांची भाषणं चालू होती. व्यंकट कुबडी टेकत आला, फोटोपुढं उभा राहिला. फूल वाहिलं नाही, जेवलाही नाही. जाताना मला म्हणाला, "मालकांचा पोरगा होता, म्हणून आलो."

दुसऱ्या दिवशी दादाच्या बायकोला, सुमनवहिनीला, लातूरला माहेरी जायचं होतं. म्हटलं, माझ्यासोबत माझ्या गाडीतच चला. ती पिशवी घेऊन बाहेर आली, दाराला हात लावला आणि थांबली.

"भावजी, कुणाकडनं घेतली ही?"

"दादाकडनंच. व्यंकटच्या आधी. भावासाठी म्हणून त्यानं स्वतः निवडून दिली."

वहिनीनं हात काढून घेतला.

"मी यष्टीनं जाते," ती म्हणाली. "ह्यांनी आमाला दुकानातल्या गाडीत कधीच बसू दिलं न्हाई. लेकरांना तर न्हाईच न्हाई."

ती स्टँडकडे चालू लागली. मी किल्ली हातात घेऊन तिथंच उभा होतो. मागच्या सीटवर माझ्या मुलीचं दप्तर पडलं होतं.