पंधरा वर्षं टिकणारा गुडघा

मला आयुष्यात सगळ्यात जास्त किळस कशाची आली असेल, तर एका गुळगुळीत, रंगीत कागदाची. आणि तो कागद आमच्याच ऑफिसातून निघालेला.

गुडगाव तेव्हा नुकतं उभं राहत होतं. बाहेर धड रस्ता नाही, पाणी टँकरचं, आणि आत सगळीकडे काच आणि एसी. एखादं नवं वैद्यकीय उपकरण त्याच्या किमतीच्या मानाने फायद्याचं आहे का, याचा हिशोब आम्ही कंपन्यांना करून द्यायचो. त्या वर्षी आमच्याकडे हिशोबाला एक कृत्रिम गुडघा आला. साध्यापेक्षा कितीतरी महाग, पण तो बसवला की म्हणे खुशाल मांडी घालून बसा. सगळा हिशोब एकाच गोष्टीवर अडलेला, हा टिकणार किती? आता ज्याला बाजारात येऊन जेमतेम तीन वर्षं झालीत, त्याचं पुढचं कोण सांगणार? कंपनी म्हणत होती पंधरा वर्षं. तो आकडा जुन्या, साध्या गुडघ्याचा होता, आणि तोही जन्मात कधी जमिनीवर न बसलेल्या परदेशी लोकांचा. म्हणून मी सात ते सतरा अशी रेंज दिली. लवकर निकामी झाला तर त्यापेक्षा साधाच परवडतो, हेही स्वच्छ लिहिलं.

साहेबांनी नाक मुरडलं. म्हणाले, "रेंज दिखाओगी तो खरीदेगा कौन?"

"सर, पता नहीं है तो पता नहीं ही लिखेंगे ना," मी म्हटलं. भांडले, आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांना वाटायचा कागद छापून आला तेव्हा वर ठळक पंधरा आणि माझी रेंज पार शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर सांगायला मोकळे, लिहिलं होतं की. मला अक्षरशः शिसारी आली.

इकडे आईचे दोन्ही गुडघे गेले होते. बाबांचं सरकारी क्वार्टर दिल्लीत आर. के. पुरमला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास देशी. जिन्यात ती कठड्याला धरून एकेक पायरी चढायची आणि मधेच थांबून उगाच वरच्या बाईंची चौकशी केल्यासारखं करायची. ऑपरेशनला मात्र तयार नव्हती. आत्ता करून घेतलं आणि ऐन सत्तरीत तो गुडघा बाद झाला, तर परत फाडाफाडी सोसेल का, एवढीच तिची भीती. ती काही अडाणी भीती नव्हती, मी ऑफिसात तेच गणित मांडत होते.

शेवटी एका नव्या चकचकीत हॉस्पिटलात तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी तोच कागद तिच्यापुढे सरकवला. "माताजी, पंद्रह साल के लिए भूल जाइए. गारंटी."

आईने कागद माझ्याकडे दिला. "तुमच्या ऑफिसातलं ना हे? खरं आहे का गं?"

"नाही," मी म्हटलं. "सात होतील, सतरा होतील. कुणालाच माहीत नाही."

डॉक्टर कसनुसं हसले. "मॅडम, पेशंट को कन्फ्यूज मत कीजिए."

आई टेबलाला धरून उठली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "कन्फ्यूज तो आप कर रहे थे." घरी येईपर्यंत रिक्षात ती गुडघे चोळत बाहेर बघत बसली. मला वाटलं, झालं, आता ही जन्मभर गोळ्या गिळत बसणार. साहेबांचंच खरं ठरलं म्हणून मी आणखीच जळत होते.

महिन्याभराने करोल बागेतल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये गेलो. तिथले डॉक्टर वयस्क, जरा तिरसट. त्यांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, "नया वाला लगवाएँगी तो नीचे बैठ पाएँगी. कितने साल, ये मुझे नहीं पता. किसी को नहीं पता. जल्दी खराब हुआ तो दोबारा खोलना पड़ेगा, और वो मुश्किल होगा."

मी आईकडे बघायचं टाळलं.

"नवाच बसवायला सांग," आई मला म्हणाली. "आणि तारीख विचार."