लेथकाकांची सही

कॉलेजच्या वर्कशॉपात तीस वर्षं लोखंड कातायचं लेथ मशीन चालवायला शिकवणाऱ्या माणसाला सगळे लेथकाका म्हणत. काकांना राग पटकन यायचा, किळस क्वचितच. यंदा मात्र कौशल्य विकासाचा कोर्स आला आणि त्यांना उठताबसता किळस यायला लागली.

कोर्स घेणारे कोटवाले सर बाहेरून यायचे. पहिले दोन महिने त्यांनी पोरांना हस्तांदोलन शिकवलं, मग हसायला शिकवलं, तेही किती दात दाखवायचे यासकट. लेथचा तास आला तेव्हा बेचाळीस पोरांची रांग लावली. मशीनपाशी जायचं, हँडल धरायचं, फोटो काढून घ्यायचा, बाजूला व्हायचं. मशीन बंदच. एका पठ्ठ्याने तर चेहरा नीट दिसावा म्हणून सुरक्षेचा चष्मा केसांवर चढवला. अर्ध्या तासात सगळं उरकलं. रांगेत काकांची धाकटी मुलगीही होती. तिनेही मान तिरकी करून फोटो काढून घेतला.

आठवड्याने सरांनी सर्टिफिकेटांचा गठ्ठा काकांपुढे टाकला. ‘स्वतंत्रपणे लेथ चालवता येते’ या ओळीखाली काकांची सही हवी होती.

"यातल्या एकालाही येत नाही," काका म्हणाले.

"अहो काका, शिकतील कामावर. कशाला एवढं मनाला लावून घेता?"

"पूर्वी एकदा अशीच डोळे झाकून सही केली होती मी. त्या पोराने लोखंडाचा तुकडा चकमध्ये आवळला आणि आवळायची चावी न काढताच मशीन सुरू केलं. चावी उडाली, जबडा फुटला त्याचा. आजही धड चावता येत नाही त्याला."

सर हसले, अगदी शिकवल्याप्रमाणे, मोजके दात दाखवून. काकांना तिथेच थुंकावंसं वाटलं. गठ्ठ्याला त्यांनी हातही लावला नाही.

शनिवारी संध्याकाळी मुलगी नाचतच घरी आली. कारखान्यात नोकरी लागली होती, सोमवारपासून, लेथवरच. आईने तिला जवळ घेतलं. काकांनी सर्टिफिकेट मागून घेतलं. खाली त्यांची सही होती, शेवटच्या फराट्यासकट.

"ही कुणी केली?"

मुलगी फणकारली. "मी. सगळ्यांच्याच मी केल्या. तुम्ही अडून बसलात, मग कुणीतरी मार्ग काढायला नको? सर म्हणाले, याला म्हणतात पुढाकार."

काकांना किळस आली. आपलीच पोर, आणि तिच्याकडे बघवेना. त्यांनी एकच विचारलं, "चक आवळून झाला की मशीन सुरू करायच्या आधी काय करायचं?"

मुलीने आईकडे पाहिलं. "सांगतील ना तिकडे."

नेमणुकीच्या पत्रावर कारखान्याचा नंबर होता. काकांनी फोन उचलला.

"बाबा, नको ना! नोकरी जाईल माझी."

"अहो, घरातली गोष्ट घरात राहू द्या," आई मध्ये पडली.

काकांनी नंबर लावला. पलीकडच्या बाईंना त्यांनी आपलं नाव सांगितलं, मुलीचंही सांगितलं. "तिच्या कागदावरची सही माझी नाही. तिला लेथला हात लावू देऊ नका. आमच्या कॉलेजातून आणखी कुणी ही सही घेऊन आलं, तर त्यालाही नाही."

बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडची चौघं कालच रुजू झालीत. आत्ता मशीनवरच आहेत."

काकांनी चपला घातल्या. कारखान्याची दुसरी पाळी सुरू होऊन तास उलटून गेला होता.