बसून वाजवायचं वाद्य

गिटारवाली माणसं एकत्र बसली की निम्मा वेळ तारा जुळवण्यात जातो. आणि तारा जुळवताना तोंड रिकामंच असतं! त्यामुळे आमच्याकडे गाणी कमी बसतात आणि किस्से जास्त साठतात. गाणी आम्ही विसरतो. किस्से कोणी विसरत नाही.

माझं नाशिकला द्वारका चौकाजवळ चष्म्याचं दुकान आहे. रविवारी बंद. म्हणजे बोर्डावर बंद. आत शटर अर्धं ओढून आम्ही पाच-सहा जण मांडीवर स्टील गिटार घेऊन बसलेलो असतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही गिटार छातीशी धरत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातातला स्टीलचा बार तारेवरून सरकवायचा. त्यामुळे सूर असा ओढत ओढत येतो, लांबून कुणीतरी हाक मारल्यासारखा.

आता हे वाद्य फारसं कुणाला माहीत नाही. मागे सिडकोतल्या एका गणपती मंडळाने हौसेने बोलावलं. आम्ही स्टेजवर बसलो, कव्हरं काढली. एक कार्यकर्ता धावत आला, वाकून बघितलं आणि घाबराघुबरा झाला.

"ताई, ही तर लाकडाची हाय! आम्ही बॅनरवर स्टीलची छापलंय!"

आमच्यात एकाचंही पोट गिटारवर नाही. ते तसं असतं तर, असं प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेलं आहे. पण ते कोणी बोलत नाही. बोलायचं नसलं की आम्ही पुन्हा तारा जुळवायला घेतो.

*

साळवे ट्रॅफिक हवालदार. वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, त्यामुळे सूर घरातच. सूर नुसता लावून भागत नाही, त्याला जरा कंप द्यावा लागतो, म्हणजे बार धरलेला डावा हात हलकेच थरथरवायचा. साळवेंना ते बरेच दिवस जमत नव्हतं. मग ते ड्यूटीवरही सराव करायला लागले!

एकदा भर चौकात त्यांनी गाड्या थांबवायला डावा हात वर केला. मनात गाणं चालू. हात थरथरतोय. समोरचा टेम्पोवाला थोडा पुढे आला, थांबला, पुन्हा थोडा पुढे आला. शेवटी त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, थांबायचं का हळूहळू यायचं?"

आम्ही हसलो की साळवेही हसतात. मग एकदा त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. पोलिसात ते भरती झाले होते बँडमध्ये जायला मिळेल या आशेवर. बँडच्या साहेबांनी विचारलं, "काय वाजवतोस?"

"स्टील गिटार, सर."

"बरं. परेडमध्ये चालता चालता वाजवून दाखव."

साळवे गिटार घेऊन उभेच राहिले. मांडीच नाही तर वाजवणार कशी!

"नशीब बघा ताई," ते म्हणाले. "वाद्य मिळालं बसून वाजवायचं, आणि नोकरी मिळाली जन्मभर उभं राहायची!"

*

मृणाल डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत. ऑपरेशनच्या आधी पेशंटला झोपवायचं, हे त्यांचं काम. "तुमचं वाजवणं ऐकूनच झोपतात का?" हा विनोद त्यांना भेटणारा प्रत्येक माणूस करतो, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच पहिले!

भूल देताना त्यांना गुणगुणायची सवय. रविवारी आमच्याकडे जे गाणं बसवायला घेतलेलं असतं, तेच. पेशंटचा हात हातात घ्यायचा, गुणगुणायचं, आणि मुखडा संपेपर्यंत पेशंट गाढ.

एकदा चांदवडच्या एक आजी होत्या. ऑपरेशन झालं. आजी हळूहळू शुद्धीवर आल्या. पोरं, सुना सगळे पलंगाभोवती वाट बघत होते. आजींनी डोळे उघडले, पोरांकडे पाहिलं नाही, सुनांकडे पाहिलं नाही. डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या,

"बाई, पुढचं म्हन की! मधीच का थांबली?"

सगळे हसले. डॉक्टरही हसल्या. पण आम्हाला हे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खरं सांगू का? लग्नाआधी मला रेडिओवर वाजवायचं होतं. मग शिक्षण, मग नोकरी, मग घर. इतकी वर्षं गुणगुणतेय, पण माझं गाणं आजवर कुणी अंतऱ्यापर्यंत जागं राहून ऐकलेलं नाही!"

त्या दिवशी आम्ही त्यांना ते गाणं अख्खं वाजवायला लावलं. आणि सगळ्यांनी जागं राहून ऐकलं. संपल्यावर त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. काचा तशा स्वच्छ होत्या. मीच सकाळी पुसून दिल्या होत्या.

*

शटर अर्धं उघडं दिसलं की लोकांना वाटतं दुकान चालू आहे. एकदा एक माणूस वाकून आत आला. मालेगावकडचा, कांद्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याला नुसतं विचारायचं होतं गॉगल मिळेल का. आम्ही वाजवत होतो म्हणून तो स्टुलावर टेकला. गाणं संपलं तरी उठेना. बघते तर डोळ्यांतून धारा!

"डोयाले पानी येस हो ताई," तो म्हणाला. "जरा तपासी घ्या."

रविवार असला तरी मी त्याला मशीनसमोर बसवलं. नीट तपासलं. म्हटलं, "दादा, डोळे ठणठणीत आहेत तुमचे. नंबरसुद्धा नाही."

"मग पाणी का येतं?"

साळवेंनी बार खाली ठेवला आणि एखाद्या डॉक्टरच्या थाटात म्हणाले, "पुढच्या रविवारी परत दाखवायला या!"

तो येतो. ट्रक नाशिकला असेल तेव्हा नेमाने येतो. काही वाजवत नाही, काही बोलत नाही. जाताना रुमालाने तोंड पुसतो आणि म्हणतो, "अजून फरक नाही."

*

बाळासाहेब निफाडचे. द्राक्षाची बाग आहे. छाटणी, फवारणी चालू असली की येत नाहीत, पण एरवी पिकअप काढून पहिला नंबर त्यांचा. त्यांच्या मंगलवहिनींना गिटारचा भारी राग. त्या गिटारचं नावसुद्धा घेत नसत. "आले का तिला फिरवून?" असं विचारायच्या!

मग बाळासाहेबांचा खांदा धरला. हात वर होईना, गिटार पलंगाखाली गेली. रविवारी त्यांची जागा रिकामी दिसायला लागली. फोन केला तर म्हणायचे, "आता नाय होत ताई. वय झालं. लोकाला हसायला कशाला?"

एका रविवारी दुकानासमोर त्यांची पिकअप थांबली. आम्हाला वाटलं आले! पण उतरल्या मंगलवहिनी. पुतण्याला गाडी चालवायला घेऊन आलेल्या. काखेत गिटार, शालीत गुंडाळलेली.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्हाला? तुम्हाला तर ही..."

"मला नाय आवडत. पन पोरं पुन्याला गेली आन् हे मुके झाले. घर लय मोठं वाटाय लागलंय."

कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी त्यांना शेजारी बसवलं, बार हातात दिला. वहिनींचे हात द्राक्षाचे मणी काढून घड विरळ करायच्या सवयीचे, हलके. बार हातात नीट बसला. घरी जाऊन त्या रोज संध्याकाळी वाजवायला लागल्या. चुकल्या की ओट्यावरून बाळासाहेब ओरडायचे, "वर जा! अजून वर!" ओरडून भागेना तेव्हा उठून जवळ बसायला लागले. मग बोटाने दाखवायला लागले. खांद्याचे व्यायाम हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलेलेच होते, तेही करायला लागले.

आता त्यांचा खांदा बरा आहे. फक्त गिटार त्यांना परत मिळालेली नाही!

"ही माझी हाय," वहिनी म्हणतात. "तुमी तुमच्यासाठी दुसरी बघा."

"आयुष्यभर हिला दुसरीचाच संशय होता," बाळासाहेब म्हणतात, "आन् आता सोताच बघाय सांगती!"

*

आमच्या प्रत्येकाच्या हातातला बार शरदने केलेला आहे. अंबडला एमआयडीसीत तो लेथवर होता. जेवणाच्या सुट्टीत स्टीलचा तुकडा घ्यायचा, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने घासून गुळगुळीत करून द्यायचा. मग त्याचा कारखाना बंद पडला आणि तो आखातात गेला, जहाजं दुरुस्त करायच्या कामावर.

जाताना म्हणाला, "रविवारी फोन लावत जा."

आम्ही लावतो. फ्रेमच्या स्टँडला टेकवून फोन उभा करतो. तिकडे तो खोलीतल्या पलंगावर, मांडीवर गिटार. इकडे आम्ही. पण इंटरनेटमुळे त्याचा सूर आमच्यापर्यंत उशिरा पोचतो. आम्ही सम गाठली की जरा वेळाने तोही येतो.

"शरद, सिग्नल पडलाय का रे तिकडे?" साळवे ओरडतात.

बहिणीच्या लग्नाला तो सुट्टीवर आला. रविवारी दुकानात, आमच्या शेजारी, त्याच्या जुन्या जागेवर बसला. आम्हाला काय आनंद! वाजवायला सुरुवात केली. आणि शरद उशिरा! पुन्हा सुरुवात केली. पुन्हा उशिरा! आम्ही हसून हसून बेजार.

तोही हसला. मग गिटारकडे बघत म्हणाला, "तिकडे सवय लागली. आधी तुमची वाट बघायची, मग वाजवायचं. आता हात ऐकत नाही."

सुट्टी संपली, तो गेला. पुढच्या रविवारी फोन लावला तर लागेचना. म्हटलं चला, आपण वाजवू. वाजवलं. पहिली ओळ संपली आणि आम्ही सगळेच थांबलो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याचा सूर यायला जेवढा वेळ लागतो तेवढे थांबलो, मग दुसरी ओळ घेतली.

*

शेवटचा विलासचा. विलास लिफ्ट दुरुस्त करतो. कमी बोलतो. हा किस्सासुद्धा त्याच्याकडून ओढून काढावा लागला.

गंगापूर रोडला एका बिल्डिंगच्या लिफ्टचं सर्व्हिसिंग त्याच्याकडे आहे. एका दुपारी तो लिफ्टच्या टपावर उभा राहून ग्रीस लावत होता आणि चौथ्या मजल्यावरून स्टील गिटार ऐकू आली. अस्सल हात! विलास ग्रीसचा डबा धरून तसाच उभा. खालून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले, "झाली का हो लिफ्ट?"

"वेळ लागेल," विलास म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो मुद्दाम त्याच वेळेला गेला. तेच गाणं. तेच वाजवणं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. शेवटी त्याने धीर करून चौथ्या मजल्यावरची बेल वाजवली. दार एका वयस्कर काकूंनी उघडलं. विलासने आपलं कामाचंच विचारलं.

"काकू, लिफ्टचा आवाज घरात येतो का?"

"नाही बाई," काकू म्हणाल्या. "माझ्या घरातला तुमच्या लिफ्टमध्ये येतो का?"

विलासने खरं काय ते सांगितलं. आपण पण वाजवतो, असंही सांगितलं. काकूंनी त्याला आत बोलावलं. टेबलावर जुना टेपरेकॉर्डर होता. "माझे मिस्टर," त्या म्हणाल्या. "बँकेत होते. पण जीव सगळा ह्यात. एवढी एकच कॅसेट राहिली. रोज दुपारी लावते."

मग तसा रिवाजच पडला. सर्व्हिसिंग झालं की विलासने हात धुवायचे, काकूंनी चहा टाकायचा आणि दोघांनी कॅसेट ऐकायची. त्या वाजवण्यात एक जागा होती. अंतरा सुरू व्हायचा, सूर चढत चढत जायचा आणि नेमका वरच्या सुरावर बार घसरायचा. क्षणभर सगळं थांबायचं. मग वाजवणारा पुन्हा तिथूनच उचलायचा.

विलासला ती जागा टोचायला लागली. एवढा तयार हात, आणि बाकी राहिलेल्या एकुलत्या एक कॅसेटमध्ये ही चूक! त्याची भाची रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करते. त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, "मामा, आणा. कळणारसुद्धा नाही तिथे काही चुकलं होतं म्हणून."

विलास खुशीत गेला. काकूंना म्हणाला, "कॅसेट दोन दिवस द्या मला. ती एक चूक आहे ना, ती काढून साफ करून आणतो."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. उठल्या, टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. अंतरा सुरू झाला. सूर चढत गेला. घसरला. थांबला.

"ही ना?" काकू म्हणाल्या. "असू दे. तिथे मी दार उघडून आत आले होते."