नववा छर्रा

फरमन रास्टच्या घरातल्या चादरी एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या, तेव्हा गावानं त्याचा सरळ अर्थ लावला. बासष्टाव्या वर्षी फरमनला बाई सापडली. बाई कोण यावर मात्र एकमत होईना. पोस्टातल्या विधवा आर्डेलबाईंचं नाव चर्चच्या पायऱ्यांवर बरेच दिवस फिरत होतं, आणि बाईंनीही ते फारसा जोर लावून नाकारलं नाही. ज्या माणसानं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकदाही पुढच्या गाडीला मागे टाकलं नाही, तो असलं काही करतोय, या नुसत्या कल्पनेनंच लोकांचा उन्हाळा बरा चालला होता.

शेवटी एका शनिवारी बायकोनं, व्हर्नेलनं, त्याच्या मागोमाग आपली गाडी काढली. फरमन सापडला जुन्या वाळूच्या खाणीत, एकटाच, बापाची बारा बोअरची बंदूक घेऊन. दोन खांबांवर तिची निळ्या फुलांची चादर ताणलेली. चादरीला भोकं. आणि हा बाबा गुडघ्यांवर बसून प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीनं गोल काढत होता.

"काय चाललंय हे?"

"काडतुसं बघतोय. हरणाला कुठलं बरं ते."

"चाळीस वर्षं एकच काडतूस वापरतोयस. आत्ताच काय झालं?"

"वय झालं. पूर्वीचा नेम राहिला नाही."

व्हर्नेलनं चादरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "बाई असती तर निदान चादर तरी धुऊन परत आली असती," असं म्हणून ती निघून गेली.

फरमननं खोटं सांगितलं होतं. नेम चांगला होता. तोच तर घोळ होता.

एडिस्टो नदीकाठच्या दलदलीत हरीण लांबून दिसत नाही. झाडी इतकी दाट की दिसतं ते वीस पावलांवर, दोन श्वासांपुरतं. म्हणून तिथं रायफल कोणी नेत नाही, छऱ्यांची बंदूक नेतात, एका काडतुसात नऊ मोठे छर्रे. कुत्री आत सोडायची, त्यांच्यामागे हाकारा घालणारा एक माणूस आत जायचा, आणि बाकीचे मातीच्या रस्त्यावर साठ-साठ पावलांवर रांगेत उभे राहायचे. गेल्या डिसेंबरात फरमन सात नंबरच्या जागेवर होता आणि सहावर त्याचा मेहुणा लॉटन, व्हर्नेलचा धाकटा भाऊ. मोठा नर दोघांच्या मधल्या झाडीच्या कडेला आला. हरीण रांगेच्या पुढं, दलदलीच्या बाजूला असेपर्यंतच बार टाकायचा, रांगेच्या रेषेत नळी न्यायची नाही, हा नियम. फरमननं नियम पाळला. हरीण जागच्या जागी कोसळलं. तसा बार वीस वर्षांत पाहिला नाही, असं शिकारीच्या क्लबातली मंडळी वर्षभर सांगत होती, त्यात लॉटनचा आवाज सगळ्यात मोठा.

हरीण ओढत दोघं गाडीपर्यंत गेले तेव्हा फरमनला लॉटनच्या जागेमागचं पाइनचं झाड दिसलं. सालीवर छातीच्या उंचीला एक ताजं भोक होतं. आतलं लाकूड पांढरं, त्यावर चिकाचा थेंब. लॉटन पाठमोरा होता, शिट्टी वाजवत शिंगं मोजत होता. फरमननं बोटावर चिखल घेतला आणि भोकावर फासला.

तेव्हापासून तो रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठायचा. बस चालवताना आरशात पोरांची डोकी दिसली की त्याला वाटे, नऊ आहेत की आठ. रविवारी लॉटन जेवायला येई, भातावर मांसाचा रस्सा ओतत म्हणे, "दाजी, तो बार पुन्हा सांगा," आणि फरमन ताट उचलून मोरीकडे जाई.

म्हणून चादरी. वीस पावलांवरून त्यानं सगळं करून पाहिलं. जाड एकच गोळी असलेलं काडतूस चादर, चादरीमागची फळी आणि वाळूत हातभर, असं सगळं पार करून गेलं. त्या गोळीला क्लबात बंदीच होती, आणि ती रस्त्यापलीकडे कुठवर जाईल या विचारानं त्यानं उरलेल्या डब्यात परत टाकल्या. सोळा बारीक छऱ्यांचं काडतूस चादरभर सांडलं. मग नेहमीचं, नऊ मोठ्या छऱ्यांचं. आठ छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत आणि नववा वावभर लांब, कोपऱ्यात. पुन्हा बार. पुन्हा आठ ताटात, एक भलतीकडे. सहा चादरी, सहा वेळा. कधी डावीकडे, कधी वर. चाळीस वर्षं प्रत्येक बाराला एक छर्रा असा स्वतःच्या मर्जीनं कुठंतरी गेला असणार, आणि आपण कधी त्या बाजूला पाहिलंही नाही, हे लक्षात आल्यावर तो खाणीत वाळूवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

दुकानात त्याच मापाचं, आठच छऱ्यांचं, जरा कमी वेगाचं काडतूस मिळत होतं. त्याच्या बंदुकीतून ते आठही ताटात पडले. दहा वेळा. फरमननं दोन डबे घेतले. वाटलं होतं, आता झोप लागेल. लागली नाही.

मोसमाच्या पहिल्या दिवशी क्लबाच्या पत्र्याच्या खोलीत मंडळी जमली. कॉफी, सॉसेज, उकडलेल्या शेंगांची टरफलं पायाखाली. शिकारप्रमुख ओटिस डँट्झलर, वय ऐंशी, जुन्या हॅटमधून चिठ्ठ्या काढत होता. निघाली ती जागा घ्यायची. बदलून मागायची नाही.

"लॉटन, सहा. फरमन, सात."

"ओटिसकाका," फरमन म्हणाला, "मला सात नको."

"का, बूट नवे आहेत, चिखल नको?"

हशा झाला.

"लॉटनच्या शेजारी नको."

"दाजी, आता माझ्या बहिणीनं काय केलं, की राग माझ्यावर?" लॉटन म्हणाला, आणि हशा वाढला.

फरमननं टेबलाची कड धरली आणि सांगून टाकलं. झाड, भोक, चादरी, नववा छर्रा. हळूहळू शेंगा सोलायचा आवाज थांबला. कुणीतरी खिशातली काडतुसं चाचपली.

सगळे दोन गाड्यांतून त्या झाडापाशी गेले. लॉटननं चाकूनं वाळलेला चिखल खरवडला, भोक मोठं केलं आणि छर्रा काढून तळहातावर घेतला. मग झाडाला पाठ लावून उभा राहिला. भोक त्याच्या पाठीमागे झाकलं गेलं, पण ते कुठं येतं हे बाकीच्यांना कळत होतं. शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या बाजूला.

"मी खाली वाकलो होतो तेव्हा," लॉटन म्हणाला. "पाव हातातून पडला म्हणून."

मग त्यानं चाकूच्या पात्याला लागलेला चिखल पुढं धरला.

"हा चिखल कुणी फासला?"

"मी."

"छर्रा आपोआप गेला, दाजी, मान्य. चिखल आपोआप लागला नाही."

त्यानं बंदूक गाडीत टाकली आणि घरी गेला. सहा नंबर त्या दिवशी मोकळा राहिला.

आता सातवर कोण, हा प्रश्न कोणी तोंडानं विचारला नाही. हाकारा घालणारा सीफस गॅड्सडन तेवढा पुटपुटला, की त्याचा गुडघा सुजलाय, कुत्र्यांमागे जायला कुणीतरी हवंय. फरमननं बापाची बंदूक ओटिसच्या हातात दिली आणि कुत्र्यांमागे पाण्यात उतरला. आत जाणाऱ्या माणसाकडे बंदूक नसते, आणि रस्त्यावरच्या सगळ्या नळ्या त्याच्या दिशेला असतात. त्याला वाटलं, नळीच्या मागं उभं राहण्यापेक्षा हे सोसेल. पन्नास पावलांत कळलं, हेही सोसत नाही.

तरी तो दर शनिवारी गेला. आत जाणाऱ्याला एक हक्क असतो, तो सीफसनं कधी वापरला नव्हता. फरमन रांगेतल्या प्रत्येकापुढे थांबून विचारू लागला, "काय भरलंस?" सुरुवातीला थट्टा झाली. "प्रार्थना भरलीय, फरमन," असं एकानं सांगितलं. पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांनी आठाची काडतुसं घेतली होती.

त्याच आठवड्यात लॉटन परत आला. सहा नंबर निघाला. फरमन त्याच्यापुढे थांबला.

"काय भरलंस?"

लॉटननं बंदूक मधून उघडली आणि पुढं धरली. दोन्ही काडतुसांच्या कडेवर छापलेलं फरमनला चष्म्याशिवाय वाचता आलं. नऊ.

दुसरं काही भर असं सांगायचं तोंड त्याला नव्हतं. तो वळला आणि आत शिरला.

पाणी मांडीपर्यंत आलं. तो ओरडत होता, कुत्र्यांना कमी आणि रस्त्याला जास्त: "हो हो, मी इथं, हो." लोक म्हणत, फरमनपुढे कुत्री मुकी वाटतात. डावीकडे कुत्र्यांनी माग पकडला. आवाज आधी दूर गेला, मग वळला, सरळ सहाकडे. फरमननं आपलं नाव ओरडायला सुरुवात केली. "फरमन इथं! इथं फरमन!" पुढं झुडपं फुटल्याचा आवाज आला. तो सायप्रसच्या बुंध्याला चिकटला, पाण्यात गळ्यापर्यंत बसला, आणि बार झाला.

डोक्यावर कुठंतरी पानं फाटली. एक फांदी तुटून त्याच्यापुढे पाण्यात पडली.

कुत्री गप्प झाली. फरमननं छाती चाचपली, मग मान, मग कान. हाताला फक्त पाणी लागत होतं.

"दाजी?" लांबून लॉटनचा आवाज आला. चिरका, त्याचा वाटेना असा.

फरमननं तोंडातलं पाणी थुंकलं.

"दाजी, बोला."

"आहे," तो म्हणाला.

बंदूक उघडल्याचा खट् आवाज आला आणि काडतुसं रस्त्यावर पडल्यासारखं काहीतरी.

"मग ओरडत राहा," लॉटन म्हणाला. "मी येतोय आत. थांबू नका, ओरडत राहा."