चिंचेने घासलेलं बटण

प्रेमाने दिलेला सल्ला चुकला, तर देणाऱ्याला ते सांगायचं का?

लॉकडाउनमुळे घरातच आहोत, म्हणून आज इथे परदेशात, ब्लॅकटाउनच्या भाड्याच्या घरामागे, सोबत राहणाऱ्या मैत्रिणीचा मेटल डिटेक्टर फिरवला. मातीतून जुनं पितळी बटण निघालं. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगं, चिंच-मीठ लाव की! तुझा तो इतिहासाचा अभ्यास मला कळत नाही, पण पितळ कळतं."

मी घासलं. नंतर वाचलं, की मागे कोरलेल्या कारखान्याच्या नावावरून बटणाचा काळ ठरतो. माझ्या बटणामागची पुसट अक्षरं घासण्यात गेली होती.

संध्याकाळी आईचा फोन आला. "लख्ख झालं का गं?" घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला आपण अभ्यासात मदत केली, म्हणून ती फार खुशीत होती.

मी तिला फक्त पुढच्या बाजूचा फोटो पाठवला.